नाडी थोडी हलती हवी

सत्तरीच्या पुढच्या माणसाचं बीपी घरी लागोपाठ तीनदा मोजलं की बहुतेक वेळा तीन वेगळे आकडे येतात. वरचं कधी 158, मग 144, मग 151. घरातले मशीनवर संशय घेतात, सेल बदलतात, शेजाऱ्यांचं मशीन आणून पुन्हा मोजतात. त्याच मशीनवर दाबाच्या आकड्याखाली नाडीचे ठोकेही दिसत असतात: 72, 72, 71. तिकडे कुणी लक्ष देत नाही. उलट नाडी अगदी घड्याळासारखी चालते, असं कौतुकानं सांगितलं जातं.

मशीनवरचा नाडीचा आकडा ही सरासरी असते. मिनिटाला 72 ठोके म्हणजे दोन ठोक्यांमध्ये सरासरी 833 मिलिसेकंद. पण निरोगी हृदयात हे अंतर कधीच एकसारखं नसतं. एक ठोका 790 मिलिसेकंदांनी पडतो, पुढचा 840, त्यापुढचा 880. मनगटावर बोटं ठेवून संथ, खोल श्वास घेतला तर पुष्कळांना हे स्वतःच जाणवतं: श्वास आत घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना सावकाश. या चढउताराला डॉक्टर हार्ट रेट व्हेरिएबिलिटी म्हणतात, आणि मनगटी घड्याळांमुळे 'एचआरव्ही' हे त्याचं छोटं नाव आता घरोघरी पोचलं आहे. वय वाढतं तसा हा चढउतार कमी होत जातो. त्याच वर्षांत रक्तदाबाचा चढउतार मात्र वाढत जातो. या दोन गोष्टी योगायोगानं एकत्र आलेल्या नाहीत. नाडी हलते ती बऱ्याच अंशी दाब सांभाळण्यासाठी. ती हलेनाशी झाली की दाब हलू लागतो. उतारवयातल्या बीपीबद्दल आपण एवढं बोलतो, त्यात ही बाजू क्वचितच येते. ती यायला हवी असं मला मनापासून वाटतं, कारण उठताना तोल जाऊन पडणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांची गोष्ट इथूनच सुरू होते.

दाब पहिल्यांदा मोजला गेला तेव्हाच तो हलताना दिसला होता. इंग्लंडमधले धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीला उंच काचेची नळी जोडली. 1733 साली त्यांनी छापलेल्या वर्णनात रक्त आठ फुटांहून वर चढल्याची नोंद आहे. 1847 मध्ये जर्मनीत कार्ल लुडविग यांनी दाबाची रेघ फिरत्या नळकांड्यावर उमटवणारं यंत्र बनवलं आणि श्वासाबरोबर आखडणारे-लांबणारे ठोके कागदावर आले. 1859 मध्ये फ्रान्सच्या एतियेन-ज्यूल मारे यांनी नियम सांगितला: दाब चढला की ठोके मंदावतात, उतरला की वाढतात. हे कसं घडतं ते उलगडायला मात्र पुढची बरीच दशकं लागली.

जबड्याच्या कोनाखाली, जिथं मानेतली मोठी धमनी दोन शाखांत फुटते, तिथं तिची भिंत जराशी फुगीर असते. या फुगीर भागात आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत मज्जातंतूंची टोकं रुतलेली असतात. त्यांना दाब थेट कळत नाही, भिंत किती ताणली गेली ते कळतं. ताण ओळखणारे पिएझो-1 आणि पिएझो-2 हे प्रथिनांचे दरवाजे 2010 मध्ये आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेत सापडले. त्यांच्या 2021 च्या नोबेलमागे हेच काम होतं. रक्तदाबाची जाणीवही याच दरवाजांतून होते, हे 2018 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. प्रत्येक ठोक्यासरशी भिंत ताणली जाते, तंतू मेंदूच्या बुंध्याकडे निरोप धाडतात, आणि तिथून दोन वाटांनी उत्तर परत येतं.

पहिली वाट व्हेगस मज्जातंतूची. हा तंतू हृदयाला आवरतो, आणि त्याचं काम विलक्षण चपळ असतं. निरोप पोचल्यावर पुढच्या एक-दोन ठोक्यांतच परिणाम दिसतो. दुसरी वाट सिंपथेटिक मज्जातंतूंची. ते हृदयाला पळवतात आणि रक्तवाहिन्या आवळतात, पण संथपणे. परिणाम सुरू व्हायलाच दोन-तीन सेकंद जातात आणि पूर्ण जोर यायला आणखी वेळ लागतो. या सगळ्या फेऱ्याला बॅरोरिफ्लेक्स म्हणतात. दर श्वासाला, दर हालचालीला, खोकल्याला, हसण्याला, जिना चढण्याला दाबात लहानसा धक्का बसतो आणि पुढचे ठोके तो धक्का सावरून घेतात. ठोक्यांमधल्या अंतराचा आलेख म्हणजे बऱ्याच अंशी या सावरण्याची नोंद असते.

आलेखात आणखी एक लाट दिसते, सुमारे दहा सेकंदांची. झीगमुंड मायर यांनी 1876 मध्ये तशी लाट रक्तदाबात टिपली होती. ती का येते हे गिझरच्या पाण्याखाली उभं राहिलेल्या कुणालाही समजेल. पाणी गार लागलं म्हणून आपण नळ फिरवतो, फरक पडायला काही क्षण जातात, तेवढ्यात आपण नळ आणखी फिरवतो आणि मग पाणी एकदम कढत येतं. उत्तराला उशीर झाला की गार-कढत असा झोका सुरू होतो. रक्तवाहिन्या आवळण्याचं काम असंच उशिरानं होतं, म्हणून दाब आणि ठोके दोन्ही दहा सेकंदांच्या तालात झुलतात. ही लाट दिसणं हे सांभाळणारी यंत्रणा शाबूत असल्याचं चिन्ह आहे.

ही यंत्रणा काढूनच टाकली तर काय होईल? अॅलन काउली, जाँ-फ्राँस्वा लियार आणि आर्थर गायटन यांनी अमेरिकेतल्या मिसिसिपीमध्ये कुत्र्यांवर हा प्रयोग केला आणि 1973 मध्ये तो प्रसिद्ध झाला. गायटन म्हणजे आपल्याकडच्या एमबीबीएसच्या मुलांच्या टेबलावर असणारं शरीरक्रियाशास्त्राचं जाडजूड पुस्तक लिहिणारे तेच. त्यांनी मान आणि महाधमनीकडून येणारे दाबाचे निरोप तोडले आणि चोवीस तास दाब नोंदवत ठेवला. दाब कायमचा आकाशाला भिडेल असा त्या काळी बऱ्याच जणांचा समज होता. तसं झालं नाही. दिवसभराची सरासरी थोडीशीच वाढली. बदलला तो दाबाचा पसारा: निरोगी कुत्र्यात सरासरीच्या आसपास राहणारा दाब आता खाली पार घसरत होता आणि वर भलताच चढत होता. चढउतार दुपटीहून जास्त झाला होता.

या प्रयोगातून दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. दीर्घकाळाची सरासरी मुख्यतः मूत्रपिंडं, मीठ-पाणी आणि संप्रेरकं ठरवतात. क्षणाक्षणाचं सावरणं हे बॅरोरिफ्लेक्सचं काम. म्हातारपणी या दोन्हींत बिघाड होतो, पण आपण गोळी घेतो ती बहुतेक करून पहिल्यासाठी.

आता वयाकडे येऊ. महाधमनी तरुणपणी लवचीक असते. तिच्या भिंतीत इलास्टिन नावाचं ताणलं जाणारं द्रव्य असतं. आयुष्यभरात अब्जावधी ठोके सोसून हे द्रव्य झिजतं, तुटतं, त्याची जागा ताठर कोलॅजेन घेतं, मध्ये कॅल्शियमही साचतं. ठोक्याची लाट लवचीक धमनीतून सेकंदाला पाच-सहा मीटर वेगानं जाते. ताठर धमनीत तो वेग दहा मीटरच्या पुढे जातो. म्हणून पन्नाशी-साठीनंतर वरचं बीपी चढत राहतं आणि खालचं मात्र उतरू लागतं. 160 वर 70 असा आकडा पाहून 'खालचं चांगलं आहे ना, मग झालं' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्या वयात दोन्ही आकड्यांमधलं हे वाढलेलं अंतर धमन्या ताठरल्याचीच खूण असते.

आणि ताठर भिंतीत रुतलेल्या मज्जातंतूंचं काय? भिंतच कमी ताणली जात असेल तर त्यांना कळणार तरी किती? दाब वाढलेला असतो, निरोप मात्र अर्धवट जातो. शिवाय दाब बराच काळ वर राहिला की ही यंत्रणा त्या वरच्या आकड्यालाच नेहमीचा मानू लागते. 1956 मध्ये मक्‌कबिन, ग्रीन आणि पेज यांनी मूत्रपिंडामुळे दाब वाढलेल्या कुत्र्यांत हे दाखवलं. म्हणजे पहारेकरी जागा असतो, पण त्याला चोर घरचाच वाटू लागतो.

निरोप घेणाऱ्या टोकालाही फरक पडतो. ठोक्यांचा ताल जिथून सुटतो त्या हृदयातल्या गाठीतल्या पेशी वयाबरोबर कमी होत जातात. इथं एक हिशेब मला फार बोलका वाटतो. ए. डी. होझे आणि कॉलिसन यांनी 1970 मध्ये निरोगी माणसांना औषधं देऊन व्हेगस आणि सिंपथेटिक दोन्ही वाटा तात्पुरत्या बंद केल्या आणि हृदय एकट्याच्या मनानं किती वेगानं चालतं ते मोजलं. उत्तर वयावर ठरतं असं निघालं: 118.1 मधून वयाच्या 0.57 पट वजा करायचे. वीस वर्षांच्या मुलाचं हृदय मोकळं सोडलं तर मिनिटाला सुमारे 107 वेळा धडधडतं. सत्तर वर्षांच्या माणसाचं सुमारे 78 वेळा. आता दोघंही खुर्चीत शांत बसलेत आणि दोघांचीही नाडी 70 आहे असं धरू. मुलाच्या नाडीला व्हेगसनं 107 वरून 70 वर आवरून धरलेलं असतं. सत्तरीच्या माणसात 78 वरून 70, एवढंच. नाडी सारखी, पण मागचा लगाम सारखा नाही. लगाम एवढा घट्ट धरलेला असल्यामुळे मुलाला तो क्षणात सैल सोडता येतो आणि ठोके झटकन वाढवता येतात. ज्याच्या हातात लगाम आधीच सैल आहे, त्याच्याकडे सोडायला फारसं उरलेलं नसतं. बसलेल्या माणसाचा आकडा बघून हा फरक कळणार नाही, आणि मशीनवरच्या 72, 72, 71 मध्ये तो लपलेला असतो.

हा फरक मोजायची पद्धत ऑक्सफर्डमध्ये जॉर्ज पिकरिंग आणि पीटर स्लाइट यांच्या गटानं 1969 च्या सुमारास बसवली. शिरेतून दाब चढवणारं औषध द्यायचं आणि दाबाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे पुढच्या ठोक्याचं अंतर किती मिलिसेकंदांनी लांबतं ते पाहायचं. 1971 मध्ये ग्रिबिन, पिकरिंग, स्लाइट आणि पेटो यांनी दाखवलं की वय वाढतं तसा हा प्रतिसाद घटतो, आणि रक्तदाब जास्त असेल तर वय बाजूला ठेवूनही तो घटतो. म्हणजे दोन्ही ओझी स्वतंत्रपणे पडतात. तरुण निरोगी माणसात मिलिमीटरमागे 15 मिलिसेकंद, कधी त्याहूनही जास्त फरक पडतो. उतारवयात, विशेषतः बीपीच्या रुग्णात, तो 5 च्या आसपास किंवा खाली येऊ शकतो.

उभं राहताना याचा अर्थ काय होतो ते पाहू. समजा दाब 10 मिलिमीटरनं घसरला. ठोक्यांमधलं अंतर 850 मिलिसेकंद होतं, म्हणजे नाडी 70. प्रतिसाद 15 असेल तर अंतर 700 वर येतं आणि नाडी 86 होते, हृदय भराभर रक्त पुढे ढकलतं, दाब सावरतो. प्रतिसाद 4 असेल तर अंतर 810 वर येतं आणि नाडी जेमतेम 74. बाकीचं सावरणं रक्तवाहिन्या आवळण्यावर सोडावं लागतं, आणि ते उशिरानं होतं. त्या मधल्या काही सेकंदांत डोळ्यांपुढे अंधारी येते. हा हिशेब ठोकळ आहे, प्रत्यक्षात अनेक गोष्टी एकाच वेळी घडतात, पण म्हातारी माणसं उठल्या उठल्या भिंतीचा आधार का घेतात ते यातून समजतं.

मिलानमध्ये ज्युझेप्पे मान्चिया यांच्या गटानं 1980 च्या दशकात माणसांच्या धमनीत बारीक नळी ठेवून चोवीस तास दाब नोंदवला. रुग्ण त्या काळात हिंडत-फिरत, जेवत, झोपत होते. वयस्कांमध्ये दाबाचा चढउतार जास्त आणि ठोक्यांचा कमी आढळला. ज्यांचा बॅरोरिफ्लेक्स तल्लख होता त्यांच्यात नेमकं उलट: दाब शांत, नाडी हलती. कुत्र्यांवरच्या प्रयोगात जे निरोप तोडून दिसलं होतं, तेच इथं काहीही न तोडता, निव्वळ वयानं आणि आजारानं घडलेलं दिसत होतं.

एक साधा प्रयोग या चित्राला दुजोरा देतो. जेन्स जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये निरोगी माणसांना सुमारे अर्धा लिटर साधं पाणी प्यायला दिलं. तरुणांचा दाब जागचा हलला नाही. वयस्कांचा वरचा दाब सुमारे 11 मिलिमीटरनं चढला. पाणी दोघांच्याही शरीरात तोच धक्का देतं, पण तरुणाचं शरीर तो धक्का गिळून टाकतं. उठताना चक्कर येणाऱ्यांना सकाळी उठण्याआधी पेलाभर पाणी प्यायला सांगतात, त्यामागे हेच आहे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांचं पाणी मोजून ठरवलेलं असतं, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

ठोक्यांचा चढउतार घटणं ही गोष्ट किती गंभीर आहे याकडे वैद्यकाचं लक्ष वेधलं ते हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या रुग्णांनी. 1987 मध्ये रॉबर्ट क्लायगर आणि सहकाऱ्यांनी 808 रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. चोवीस तासांच्या नोंदीत ज्यांच्या ठोक्यांच्या अंतराचं प्रमाणित विचलन 50 मिलिसेकंदांहून कमी होतं, त्यांच्यात मृत्यूचा धोका 100 च्या वर असणाऱ्यांच्या पाचपटींहून अधिक निघाला. नंतर अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात, जिथं 1948 पासून लोकांच्या हृदयाचा अभ्यास चालू आहे, वयस्कांच्या गटातही चढउतार कमी असणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. 1998 मध्ये त्याच गावच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट पुढे आली: ज्या पुरुषांचं बीपी अजून वाढलेलं नव्हतं पण ठोक्यांमधला चढउतार कमी होता, त्यांना पुढच्या काही वर्षांत उच्च रक्तदाब होण्याची शक्यता जास्त होती. स्त्रियांमध्ये हा संबंध तसा दिसला नाही. 2003 मध्ये अमेरिकेतल्याच चार ठिकाणच्या हजारो मध्यमवयीन माणसांच्या अभ्यासात, म्हणजे 'एरिक' मध्ये, नऊ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर तोच कल दिसला.

यावरून नाडीचा ताठरपणा आधी आणि बीपी नंतर, असं सरळ म्हणता येत नाही. ताठर धमनीमुळे निरोप कमी जातात, निरोप कमी गेल्यानं दाबाचे झटके वाढतात, त्या झटक्यांनी धमनी आणखी ताठरते. हे चक्र कुठूनही सुरू होऊ शकतं. लठ्ठपणा, बैठं आयुष्य, झोपेत श्वास अडखळण्याचा आजार आणि मधुमेह या गोष्टी दोन्ही बाजूंनी त्याला जोर देतात. मधुमेह तर विशेष. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की लांब मज्जातंतूंना आधी इजा होते, आणि व्हेगस हा शरीरातल्या सर्वांत लांब तंतूंपैकी एक आहे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात की वीस वर्षांवरच्या भारतीयांत 11.4 टक्क्यांना मधुमेह आणि 35.5 टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. ज्या घरात आजोबांना साखर आणि बीपी दोन्ही आहे, तिथं त्यांची नाडी घड्याळासारखी असण्यात अभिमान बाळगण्यासारखं काही नाही.

रोजच्या जगण्यात हे कुठं कुठं आडवं येतं? पहाटे लघवीला उठताना. भारतीय बैठकीच्या संडासातून उभं राहताना, कारण उकिडवं बसल्यावर पायांतलं रक्त दाबलं गेलेलं असतं आणि उठताच ते झपाट्यानं खाली उतरतं. शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळेत बॅरोरिफ्लेक्सची परीक्षा घ्यायला हीच हालचाल वापरतात, आणि आपल्या घरांत ती परीक्षा रोज सकाळी होते. गरम पाण्याची लांबलेली आंघोळ. पोटभर जेवणानंतरचा पहिला दीड-दोन तासांचा काळ, कारण तेव्हा आतड्यांकडे बरंच रक्त वळतं. लुइस लिप्सिट्झ यांच्या गटानं 1983 मध्ये वयस्कांमधली जेवणानंतरची ही घसरण नोंदवली. त्यात भर म्हणून प्रोस्टेटसाठीच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असतात. प्रत्येक गोळी आपल्या जागी योग्य असते, पण सावरणारी यंत्रणा दमलेली असते.

उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा दाब 20 किंवा खालचा 10 मिलिमीटरनं घसरला तर ते नोंद घेण्यासारखं मानतात. हे मोजायला विशेष काही लागत नाही. पाच मिनिटं आडवं पडून दाब घ्यायचा, मग उभं राहून एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटाला घ्यायचा, शेजारी कुणीतरी हात धरून उभं असावं. नाडीचा आकडाही त्याच वेळी लिहून ठेवावा. दाब 25 नं घसरला आणि नाडी जेमतेम चार-पाच ठोक्यांनी वाढली, तर मज्जातंतूंचं उत्तर कमी पडतंय, अशी शंका घेता येते. दाब घसरला आणि नाडी वीस-पंचवीसनं वाढली, तर पाणी कमी पडलंय किंवा रक्त कमी आहे, असा विचार डॉक्टर आधी करतात. ठोके मंद ठेवणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर हा हिशेब बदलतो. बसून घेतलेल्या दहा मोजण्यांपेक्षा उभं राहून घेतलेली एक मोजणी इथं जास्त सांगते, आणि ती आपल्याकडे घरी सोडाच, दवाखान्यातही क्वचित होते, याचं मला वाईट वाटतं.

मनगटी घड्याळांबद्दलही सांगायला हवं. मुलं परदेशातून आईवडिलांना घड्याळ पाठवतात आणि मग फोनवर 'बाबा, तुमचं एचआरव्ही 22 च आलंय' अशी काळजी सुरू होते. काही घड्याळं लागोपाठच्या ठोक्यांमधला फरक मोजतात, काही सगळ्या अंतरांचं विचलन. एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहता येत नाही. मुलाचा आकडा 60 आणि वडिलांचा 22 यात चिंता करण्यासारखं काही नाही, वयाबरोबर हा आकडा घटतोच, आणि त्यातली बरीचशी घट साठीपर्यंतच होऊन गेलेली असते. पाहायचा तर स्वतःचाच, आठवड्यांचा कल पाहावा.

याहून महत्त्वाची गोष्ट उलट्या दिशेची आहे. म्हाताऱ्या माणसाचा आकडा अचानक फार मोठा आला तर तो तब्येत सुधारल्याचा पुरावा नसतो. एट्रियल फिब्रिलेशन नावाच्या आजारात हृदयाचे वरचे कप्पे थरथरतात आणि ठोके कसल्याच तालाविना पडतात. घड्याळाला ते भरपूर एचआरव्ही वाटतं. पण हा चढउतार श्वासाला किंवा दाबाला दिलेलं उत्तर नसतो, आणि या आजारात रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होण्याचा धोका असतो. बीपीच्या मशीनवर अनियमित नाडीची खूण पुन्हा पुन्हा येत असेल तर वेळ न घालवता ईसीजी काढावा. नाडी हलती हवी, पण ती कशाला तरी उत्तर देत हलायला हवी.

हरवलेली लवचीकता परत मिळते का? काही प्रमाणात, हो. केव्हिन मोनाहन आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये छापलेल्या अभ्यासात पन्नाशी ओलांडलेल्या, बैठं आयुष्य जगणाऱ्या पुरुषांना तेरा आठवडे नियमित व्यायाम करायला लावला, मुख्यतः चालण्याचा. त्यांचा बॅरोरिफ्लेक्स सुमारे 25 टक्क्यांनी सुधारला. वर्षानुवर्षं व्यायाम करत आलेल्यांमध्ये वयाची घट मुळातच कमी दिसली. एवढ्या स्वस्त उपायानं एवढा फरक पडतो हे प्रत्येक डॉक्टरनं प्रत्येक आजी-आजोबांना नाव घेऊन सांगावं.

श्वासाचंही तसंच. पावियामधले लुचियानो बेर्नार्दी यांनी 2001 मध्ये 23 निरोगी माणसांकडून लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम' हा मंत्र म्हणवून घेतला. दोन्हींमुळे श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला, म्हणजे एक श्वास दहा सेकंदांचा. मायर यांच्या लाटेचा ताल नेमका तेवढाच. श्वासाची लाट आणि दाबाची लाट जुळून आली की ठोक्यांचा झोका मोठा होतो आणि बॅरोरिफ्लेक्सची तल्लखताही वाढते. 2005 मध्ये त्याच गटाच्या अभ्यासात 20 बीपीच्या रुग्णांनी मिनिटाला सहा श्वास घेतले, तेव्हा त्यांचा वरचा दाब सुमारे 150 वरून 141 वर आला. हा त्या बैठकीपुरता परिणाम होता, गोळीला पर्याय नव्हे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम स्थापन केलं आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. त्याच्या सुरुवातीच्या वर्षांतच आसनांच्या वेळी रक्तदाब मोजण्याचे प्रयोग त्यांनी नोंदवले होते. योगाचं मोजमाप करायची ही शंभर वर्षांपूर्वीची जिद्द आज आठवण्यासारखी आहे. वयस्कांनी एक भेद मात्र पाळावा: संथ श्वास वेगळा आणि श्वास कोंडून जोर लावणं वेगळं. दुसऱ्यात दाबाला मोठे हिसके बसतात, आणि ते सावरायची ताकद याच वयात कमी असते.

राहिला औषधांचा प्रश्न. उभं राहताना दाब घसरतो हे कळल्यावर पुष्कळ घरांत पहिली प्रतिक्रिया असते, गोळी बंद करू. ती धोक्याची आहे. ऐंशी वर्षांच्या पुढच्या 3,845 रुग्णांवर झालेल्या 'हायव्हेट' चाचणीचे निकाल 2008 मध्ये आले. बीपीचं औषध घेणाऱ्यांत एकूण मृत्यू 21 टक्क्यांनी आणि हृदय निकामी होण्याचे प्रसंग 64 टक्क्यांनी कमी होते. एवढ्या वयात बीपी उतरवून उपयोग काय, या जुन्या शंकेला त्यानं ठोस उत्तर दिलं. पण त्या चाचणीत कुणाला घ्यायचं याची एक अट फारशी सांगितली जात नाही. बसून वरचा दाब 160 किंवा जास्त हवाच, शिवाय उभं राहिल्यावर तो निदान 140 असायला हवा. म्हणजे ज्या पुराव्यावर आज आपण ऐंशीच्या माणसाला गोळी देतो, तो उभं करून दाब मोजलेल्या माणसांवरच जमा झाला आहे. डॉक्टरांकडे जाताना घरी मोजलेल्या आकड्यांच्या वहीत आडवं, एक मिनिट आणि तीन मिनिटं असे तीन रकाने आखले, आणि प्रत्येकाशेजारी नाडी लिहिली, तर गोळी वाढवायची, कमी करायची की तिची वेळ बदलायची, हे ठरवायला त्यांच्या हाती आवश्यक ती माहिती असते.